एंड पॉइंटच्या पुढे

सकाळी ७:१०

प्रयोगशाळा उघडते ती दादांच्या हातानं. पद लॅब असिस्टंटचं, पण आज कुठल्या बॅचला काय आणि किती लागणार हे त्यांच्याइतकं नेमकं विभागात कुणालाच ठाऊक नसतं. वजनकाट्याशेजारच्या भिंतीवर आम्ही एक तक्ता लावला आहे: बॅच, मुलं, माणशी मिलिलिटर. पूर्वीची रीत होती की डायक्रोमेट दोन-तीन लिटर करून ठेवायचं, कमी पडायला नको. उरलेलं सत्र संपलं की बेसिनमध्ये. आता आधी हिशेब होतो, मग वजन. आज प्रथम वर्षाची वीस जणांची बॅच आहे, माणशी पन्नास मिलिलिटर, म्हणजे एक लिटर. त्यासाठी ४.९ ग्रॅम पोटॅशियम डायक्रोमेट. दादांनी वजन केलं, मी नोंदवहीत सही केली.

गेली काही वर्षं शाश्वत विकास हा शब्द प्रत्येक परिपत्रकात असतो. पाच जूनला रोपं लावली जातात, फोटो निघतात, नॅकच्या सातव्या निकषासाठी ग्रीन ऑडिटचा अहवाल तयार होतो. रोपांना माझा विरोध नाही, ती जगली तर आनंदच आहे. पण रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला शाश्वतता शिकवायची असेल तर ती या वजनकाट्यापासून सुरू व्हायला हवी आणि बेसिनच्या तोंडाशी पक्की व्हायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. आमची मुलं पदवी घेऊन बहुतेक लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांत जातात. कुणी क्वालिटी कंट्रोलला, कुणी प्रॉडक्शनला, कुणी ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर, शिफ्ट केमिस्ट म्हणून. इथं जी सवय हाताला लागते तीच तिकडे जाते.

सकाळी ७:५०

तृतीय वर्ष, ऑरगॅनिक. गुहागरहून येणारी एस.टी. पावसानं उशिरा आली, त्यामुळे मागचा बाक रिकामा होता. थोडं थांबून सुरुवात केली.

आजचा विषय आयब्युप्रोफेन. गोळी सगळ्यांच्या घरात असते, म्हणून उदाहरण सोपं जातं. फळ्याच्या डावीकडे बूट्स कंपनीची १९६० च्या दशकातली पद्धत काढली: सहा पायऱ्या. उजवीकडे बीएचसी कंपनीची नंतरची पद्धत: तीन पायऱ्या. सुरुवातीचा कच्चा माल दोन्हीकडे एकच, शेवटचा रेणूही एकच. मग मुलांना सांगितलं की प्रत्येक पायरीत काय घातलं आणि त्यातलं काय अंतिम रेणूत उरलं, ते अणूगणिक मोजा. डावीकडे टक्केवारी येते ४०. म्हणजे वापरलेल्या शंभर किलो मालातले साठ किलो औषध होतच नाहीत, ते क्षार, आम्लं, पाणी, गाळ होऊन बाहेर पडतात. उजवीकडे ७७ येते, आणि बाहेर पडणारं ॲसिटिक आम्ल परत मिळवलं तर ९९ पर्यंत जाते. या मोजणीला ॲटम इकॉनॉमी म्हणतात. बॅरी ट्रॉस्ट यांनी ती १९९१ मध्ये मांडली. बीएचसी पद्धतीला १९९७ साली अमेरिकेत ग्रीन केमिस्ट्रीचा राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार मिळाला.

हे सगळं पाठ्यपुस्तकात शेवटच्या प्रकरणात आहे, 'हरित रसायनशास्त्र' या नावाखाली, बारा तत्त्वांच्या यादीसह. अनास्तास आणि वॉर्नर यांची ती १९९८ सालची तत्त्वं मुलं तोंडपाठ करतात आणि परीक्षेत पाच लिहितात. मी ते प्रकरण वेगळं शिकवत नाही. फ्रीडेल-क्राफ्ट्स शिकवताना ॲल्युमिनियम क्लोराइड किती लागतं आणि नंतर त्याचं काय होतं, हे त्याच तासाला विचारते. रिडक्शन शिकवताना हायड्राइड आणि हायड्रोजन यांची तुलना तिथेच. प्रश्न अभिक्रियेच्या अंगाला लागून आला तरच तो तिच्याबरोबर लक्षात राहतो.

मधल्या रांगेतल्या एका मुलानं हात वर केला. "मॅडम, पण त्या तीन पायऱ्यांत हायड्रोजन फ्लोराइड आहे ना? ते तर भयंकर असतं."

मी या प्रश्नाची वाटच पाहत होते. होय, आहे. हाड गाठणारं रसायन आहे ते. तिथं ते उत्प्रेरक आणि द्रावक म्हणून वापरतात आणि परत मिळवून पुन्हा फिरवतात, त्यामुळे कचऱ्यात जात नाही. पण गळती झाली तर? म्हणजे कचरा कमी झाला आणि धोका दुसऱ्या ठिकाणी सरकला. कुठली पद्धत चांगली हे एका आकड्यावर ठरत नाही. मी मुलांना निर्णय दिला नाही. दोन्ही पद्धतींचा कारखाना तुमच्या गावाशेजारी येणार असेल तर ग्रामसभेत तुम्ही काय काय विचाराल, ते पुढच्या तासाला लिहून आणायला सांगितलं.

मग रॉजर शेल्डन यांचा ई-फॅक्टर: एक किलो माल बनवताना किती किलो कचरा होतो तो आकडा. मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या मूलभूत रसायनांत एकाहून कमी ते पाच. फाइन केमिकल्समध्ये पाच ते पन्नास. औषधांत पंचवीस ते शंभर, कधी त्याहून जास्त. वर्ग एकदम शांत झाला, कारण लोट्याला काय बनतं ते सगळ्यांना माहीत आहे: औषधांचे इंटरमिजिएट्स, कीटकनाशकं, रंगांचे घटक. म्हणजे या यादीतल्या खालच्याच ओळी.

"पण मॅडम, इंटरव्ह्यूला हे कोण विचारणार?" दुसऱ्या एका मुलीचा प्रश्न. याच शब्दांत कदाचित कोणी विचारणार नाही. पण सॉल्व्हंट रिकव्हरीतून टोल्युइन किती टक्के परत येतं, मदर लिकर पुन्हा किती वेळा वापरता येतं, ईटीपीवर लोड का वाढला, हे पहिल्या आठवड्यापासून विचारतात. प्रश्न तोच आहे, फक्त तिथं तो रुपयांत विचारला जातो.

सकाळी ९:१५

प्रथम वर्षाचं प्रॅक्टिकल. लोहाचं प्रमाण काढायचं, ब्युरेटमध्ये डायक्रोमेट, फ्लास्कमध्ये फेरस. रंग जांभळा झाला की एंड पॉइंट. ही मुलं दोन महिन्यांपूर्वी बारावीतून आली आहेत. ब्युरेट उभी लावताना अजून हात थरथरतात, आणि काचेला इतकी भीती वाटत असताना त्यांना मोठ्या गोष्टी सांगू नयेत. पहिला तास मी फक्त वाचन, डोळ्यांची पातळी, थेंब सोडणं एवढंच बघते.

तीन रीडिंग जुळली की मुलं ब्युरेटची तोटी उघडून उरलेलं नारिंगी द्रावण बेसिनमध्ये सोडायला निघतात. शाळेपासून तेच पाहिलेलं असतं. तिथं मी थांबवते आणि सगळ्यांना फळ्याकडे बोलावते.

आजचा हिशेब मुलांनीच केला. एका लिटरमध्ये डायक्रोमेट ४.९ ग्रॅम. त्यातलं क्रोमियम किती? अणुभारावरून ३५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १.७३ ग्रॅम, १,७३० मिलिग्रॅम. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ प्रमाणे नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर नको. भागाकार करा. एक लिटर द्रावण त्या मर्यादेत आणायला १७,३०० लिटर पाणी! दहा हजार लिटरचे पावणेदोन टँकर. आता बॅचचं उरलेलं मोजा: माणशी साधारण वीस मिलिलिटर धरलं, ब्युरेट धुतल्याचं धरून, तर ४०० मिलिलिटर. म्हणजे जवळपास सात हजार लिटर. आणि पाणी ओतून फिकं केलं तरी क्रोमियम तेवढंच राहतं, ते पसरतं फक्त.

एका मुलीनं लगेच विचारलं, "मग हे वापरायचंच कशाला? परमँगनेटनं पण लोह काढता येतं, बारावीला केलंय."

इथं मी अर्धा तास खर्च केला आणि तो सत्कारणी लागला असं मला वाटतं. परमँगनेट क्रोमियमइतकं घातक नाही, वेगळा दर्शकही लागत नाही, स्वतःचाच गुलाबी रंग पुरतो. मग डायक्रोमेट का? कारण ते शुद्ध मिळतं, थेट वजन करून अचूक द्रावण करता येतं, आणि महिनोन्महिने टिकतं. परमँगनेट ठेवल्यावर बिघडतं, दर वेळी ऑक्झॅलेटनं त्याची ताकद तपासावी लागते, म्हणजे आणखी एक टायट्रेशन, आणखी रसायन, आणखी वेळ. शिवाय द्रावणात क्लोराइड असेल तर परमँगनेट त्याच्यावरही खर्च होतं. मुलांनी दोन बाजू मांडल्या, मी फक्त फळ्यावर लिहीत गेले. शेवटी सुचलेली वाट मला आवडली: लोहाच्या सरावाला परमँगनेट, आणि डायक्रोमेटचा प्रयोग एकदाच, पण दहा मिलिलिटरच्या छोट्या ब्युरेटवर.

अडचण एकच, ती त्यांना माहीत नव्हती. विद्यापीठाच्या परीक्षेत पन्नासची ब्युरेट मांडलेली असते. छोट्या ब्युरेटवर हात बसलेलं पोर तिथं गोंधळेल, गुण जातील, आणि ते मी त्यांच्यावर लादू शकत नाही. तोडगा असा काढला की संकल्पना छोट्या ब्युरेटवर शिकायची आणि परीक्षेआधीचा सराव मोठीवर, अर्धीच भरून. उरलेलं बेसिनमध्ये नाही, दारापाशी ठेवलेल्या नारिंगी पट्टीच्या कॅनमध्ये. जर्नलमध्ये 'निष्कर्ष' या मथळ्याखाली आणखी एक मथळा घालायला लावते, 'विल्हेवाट': काय उरलं, किती उरलं, कुठे गेलं. त्याला अंतर्गत मूल्यमापनात गुण आहेत. बाहेर पडताना प्रत्येकानं कॅनशेजारच्या वहीत मिलिलिटर लिहिले.

पलीकडच्या टेबलावर द्वितीय वर्षाचं डिस्टिलेशन चालू होतं. तिथला एक बदल मला रोज सुखावतो. पूर्वी कंडेन्सरच्या नळीतून नळाचं पाणी थेट गटारात जायचं. मिनिटाला अर्धा लिटर धरलं तरी दहा कंडेन्सरना तासाला तीनशे लिटर लागतात. आता बादलीत कूलरचा छोटा पंप, तेच पाणी फिरत राहतं, तापलं की बर्फ टाकतात. कोकणात पाऊस साडेतीन हजार मिलिमीटर पडतो आणि मे महिन्यात वाड्यांना टँकर लागतो. मुलांना हे सांगावं लागत नाही, निम्मी त्याच वाड्यांतून येतात.

सकाळी ११:४०

स्टाफरूम, चहा. वाणिज्य विभागाचे सर आणि गणिताच्या मॅडम बसले होते. नव्या शैक्षणिक धोरणाच्या क्रेडिटांवरून पर्यावरणाच्या पेपरचा विषय निघाला.

गोष्ट जुनी आहे. सर्वोच्च न्यायालयानं एम. सी. मेहता खटल्यात १९९१ साली सांगितलं की पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा असावा. महाविद्यालयांत तो प्रत्यक्ष यायला २००३ नंतरची वर्षं उजाडली. विद्यापीठ अनुदान आयोगानं सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केला आणि पुण्याच्या डॉ. एरक भरूचा यांनी त्यासाठी पाठ्यपुस्तक लिहिलं. पुस्तक चांगलं आहे, भारतातल्या जागा दाखवतं, क्षेत्रभेटीचा आग्रह धरतं. पण सगळ्या शाखांना एकच पेपर, एकच सभागृह, आणि क्षेत्रभेटीऐवजी प्रोजेक्टच्या नावाखाली एकाच्या वहीतून उतरवलेला मजकूर, असं बहुतेक ठिकाणी झालं. त्याच्या कितीतरी आधी, १९७७ साली तिबिलिसीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं स्पष्ट म्हटलं होतं की पर्यावरण शिक्षण सगळ्या विषयांत मिसळलेलं असावं. आपण वेगळा पेपर केला आणि बाकीचे विषय मोकळे सोडले.

वाणिज्यच्या सरांनी विचारलं, "माझ्या अकाउंटन्सीत हे कुठे बसवू? ओढूनताणून नको."

ओढूनताणून नकोच. पण २०२१ च्या पुरात इथं चिपळूणच्या बाजारपेठेतल्या दुकानांचा माल गेला, त्याची नोंद कशी झाली? विम्यात किती बसलं, किती नाही, मालाचं मूल्य कुठल्या दिवसाचं धरलं? एखाद्या कारखान्याच्या ताळेबंदात ईटीपी चालवण्याचा खर्च कुठल्या ओळीत असतो, आणि तो न चालवल्यामुळे खाडीवर पडणारा खर्च कुणाच्याच ओळीत का नसतो? सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, दुकानदारांची पोरंच वर्गात आहेत, त्यांच्याकडूनच नोंदी मागवतो. गणिताच्या मॅडमना मी काहीच सुचवलं नाही. त्यांच्या टोपॉलॉजीत याला जागा नाही आणि तिथं ती शोधू नये. संख्याशास्त्रात मात्र आहे. पावसाची सरासरी आणि पावसाचं टोक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिकवायला आमच्या गावाएवढी चांगली जागा नाही.

दुपारी १२:२०

मूल्यशिक्षणातला दोन क्रेडिटचा पर्यावरण पेपर. सभागृहात कला, वाणिज्य, विज्ञान एकत्र. मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला माइक लागतो. हा पेपर मला वेगळा नको असला तरी तो आहे तोवर वाया घालवायचा नाही.

आज नकाशा लावला: सह्याद्रीच्या पूर्वेला कोयना, पश्चिमेला वाशिष्ठी. कोयना ही कृष्णेची उपनदी, तिचं पाणी बंगालच्या उपसागराला जायचं. बोगद्यांतून ते डोंगराच्या पोटातून पश्चिमेला आणलं, वीज तयार केली, आणि पोफळी-अलोरेच्या बाजूनं कोळकेवाडीत आणि तिथून वाशिष्ठीत सोडलं. कृष्णा पाणीतंटा लवादानं त्यासाठी ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेला वळवायला परवानगी दिली. घराघरात ज्याला कोयनेचं अवजल म्हणतात ते हेच. म्हणजे आपल्या दारातून वाहणाऱ्या नदीत उन्हाळ्यातही पाणी असतं ते दुसऱ्या खोऱ्याचं. मुंबईत दिवा लागतो तेव्हा चिपळूणची नदी वाढते. हे ऐकून मागची रांगही पुढे वाकली.

मग २२ जुलै २०२१ चा पूर. प्रत्येकाला आपल्या भिंतीवरची पुराची खूण मोजून आणायला सांगितली होती. कागद गोळा केले. काहींनी फूट लिहिले, काहींनी "माळ्याच्या दोन पायऱ्या खाली". पाऊस, भरती, नदीतला गाळ, कोळकेवाडीचा विसर्ग यांत कुणाचा वाटा किती, यावर गावात अजून वाद आहे. त्याच वर्षअखेरीस गाळ काढण्यासाठी लोकांनी साखळी उपोषण केलं. मी वाद मिटवू शकत नाही. पण लाल आणि निळी पूररेषा म्हणजे काय, त्या रेषेनं कुणाचं घर बांधायचं अडतं, आणि रेषा नसेल तर कुणाचं घर जातं, हे दोन्ही प्रश्न एकाच तासाला मांडता येतात. राज्यशास्त्राच्या एका मुलीनं नगरपरिषदेच्या आराखड्यावर हरकत कशी नोंदवतात ते सांगितलं. माझ्याहून नीट सांगितलं तिनं.

दुपारी १:३०

डबा. तांदळाची भाकरी, अळू. दहा मिनिटं पाठ टेकली.

दुपारी २:००

तृतीय वर्षाचं सीओडी. पाण्यातला सेंद्रिय भार जाळायला किती ऑक्सिजन लागेल ते सांगणारी ही चाचणी. लोट्याला गेलेल्या प्रत्येकाला रोज करावी लागते, कारण सांडपाणी बाहेर सोडण्याची मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे.

या चाचणीत एक विसंगती आहे आणि मी दर वर्षी ती आधी सांगते. पाणी किती घाण आहे ते मोजायला आपण त्यात डायक्रोमेट घालतो, दाट सल्फ्युरिक आम्ल घालतो, उत्प्रेरक म्हणून चांदीचा क्षार, आणि क्लोराइडचा अडथळा टाळायला पाऱ्याचा क्षार. नमुन्यापेक्षा तपासणीचं पाणी कितीतरी विषारी होऊन निघतं. पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. उघड्या रिफ्लक्सच्या जुन्या पद्धतीत पन्नास मिलिलिटर नमुन्यासाठी रसायनांसह दीडशे मिलिलिटरचं मिश्रण होतं. बंद नळीच्या पद्धतीत अडीच मिलिलिटर नमुना, दीड मिलिलिटर डायक्रोमेट, साडेतीन मिलिलिटर आम्ल, एकूण साडेसात. विसावा हिस्सा. दोन तास १५० अंशांवर ब्लॉकमध्ये ठेवायचं, आणि शेवटचं टायट्रेशन छोट्या ब्युरेटवर. आम्ही ब्लॉक घेतला तेव्हा किमतीवरून बराच काथ्याकूट झाला. आम्ल, चांदी आणि पारा यांचा वर्षाचा खर्च शेजारी मांडल्यावर प्राचार्यांनी सही केली.

नमुने मुलांनी आणलेले: बाजाराच्या मागचा नाला, देवळाचं तळं, वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचं पाणी. एका मुलीनं दाभोळ खाडीचं पाणी आणलं होतं, दोन लिटरच्या बाटलीत. तिच्या घरी पिढ्यानपिढ्या खाडीतली मासेमारी. मासे मरून वर येण्याच्या तक्रारी तिथले भोई आणि कोळी कित्येक वर्षं करत आहेत, वर्तमानपत्रांत येतं, पाहणी होते, नमुने घेतले जातात. तिला स्वतः मोजायचं होतं.

मी तिला सांगितलं की ही चाचणी तुझ्या पाण्याला चालणार नाही. खाडीत भरतीचं खारं पाणी येतं. क्लोराइड लिटरला दोन हजार मिलिग्रॅमच्या वर गेलं की पाराही ते अडवू शकत नाही, डायक्रोमेट क्लोराइडवर खर्च होतं आणि सीओडी फुगून येतं. मोठा आकडा मिळेल, पण तो खोटा असेल. आणि खोटा आकडा घेऊन तू उभी राहिलीस तर समोरचा केमिस्ट दोन मिनिटांत खोडून काढेल, मग खरं सांगायलाही कुणी उभं करणार नाही.

तिचा चेहरा पडला. पण विषय तिथं संपत नाही. माशाला सीओडी कळत नाही, त्याला ऑक्सिजन कळतो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन विंकलरच्या पद्धतीनं खाऱ्या पाण्यातही मोजता येतो. १८८८ सालची पद्धत, काचेच्या बाटल्या आणि चार रसायनं, बस्स. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मत्स्यजीवनासाठी लिटरला किमान ४ मिलिग्रॅम धरतात. पण बाटलीत भरून आणलेल्या पाण्याचा आकडा उपयोगाचा नाही, ऑक्सिजन खाडीवरच बांधून घ्यावा लागतो. आम्ही दोघी नोटबुक घेऊन बसलो. खाडीची जागा, वेळ, तापमान, क्षारता, सुकती की भरती. एका दिवसाच्या आकड्यावरून कुणावर बोट दाखवता येत नाही, हेही तिनं स्वतःच लिहिलं. हाच तिचा फील्ड प्रोजेक्ट.

मला या तासाबद्दल जे वाटतं ते स्पष्ट सांगते. या मुलीला 'नदी वाचवा' असं भाषण करायला शिकवणं सोपं होतं. तिला कुठली चाचणी कुठल्या पाण्याला लागू पडत नाही हे शिकवणं तिच्या खाडीच्या जास्त कामाचं आहे.

दुपारी ४:३०

अंतर्गत परीक्षेची प्रश्नपत्रिका. जे परीक्षेत येत नाही ते वर्गात टिकत नाही, म्हणून हे काम मी घाईत करत नाही. 'हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे लिहा' हा प्रश्न काढला. त्याजागी: एकाच पदार्थाच्या दोन पद्धती दिल्या आहेत, उत्पन्न अनुक्रमे ९२ आणि ८१ टक्के, द्रावक, तापमान आणि उपपदार्थ यांचा तक्ता दिला आहे, तुम्ही कुठली निवडाल आणि कोणती माहिती अजून मागाल? 'कोणती माहिती मागाल' याला गुण जास्त ठेवले. उत्पन्न कमी असलेली पद्धत निवडणारा चुकीचा नाही, कारण न देणारा चुकीचा.

आमचं महाविद्यालय संलग्न आहे, अभ्यासक्रम विद्यापीठाचा. आम्ही एकही प्रकरण बदलू शकत नाही. पण अंतर्गत गुण, जर्नलचा नमुना, प्रयोगाचं प्रमाण आणि प्रोजेक्टचा विषय आमच्या हातात आहे. अभ्यास मंडळाला पाठवायच्या पत्राचा मसुदाही आज पुरा केला. मागणी एकच: परीक्षेच्या प्रॅक्टिकलमध्ये पन्नासच्या ब्युरेटसोबत दहाच्या ब्युरेटचा पर्याय द्या. या एका ओळीनं जेवढं क्रोमियम वाचेल तेवढं कुठल्याही कार्यशाळेनं वाचणार नाही.

संध्याकाळी ५:२०

नारिंगी पट्टीचा कॅन. हातमोजे, गॉगल, फ्यूम हूड. दादांनी आम्ल घातलं, मी सोडियम बायसल्फाइट थोडं थोडं टाकत गेले. नारिंगी रंग हिरवा झाला: सहा संयुजेचं क्रोमियम तीनवर आलं. मग चुन्याची निवळी, पीएच साडेआठच्या आसपास, आणि हिरवट गाळ खाली बसायला लागला. थांबलेल्या दोन मुलांनी वरच्या पाण्याची चाचणी केली, क्रोमियम सहा दिसलं नाही. गाळ वाळवून बरणीत, बरणीवर नाव आणि तारीख. ती घातक कचऱ्यात जाईल. सीओडीच्या नळ्यांचा कॅन वेगळा, कारण त्यात पारा आहे आणि तो आम्ही इथं हाताळत नाही. तो बंद ठेवून अधिकृत वाहतूकदाराकडेच द्यायचा असतो.

मुलांनी विचारलं, एवढं सगळं करायला दीड तास गेला, कारखान्यात रोज कोण करतं? मी म्हटलं, तुम्ही करणार आहात. तिथं रात्रपाळीला पाऊस पडत असतो, टाकी भरलेली असते आणि व्हॉल्व्ह तुमच्या हाताशी असतो. त्या वेळी काय करायचं हे नियमपुस्तकात लिहिलेलं आहे, पण ते करण्याची सवय आधी लागलेली असावी लागते.

संध्याकाळी ६:४५

फोन. खाडीकाठची मुलगी. रविवारी सकाळी सुकती आहे, वडील होडी काढायला तयार आहेत. मी पुन्हा एकदा सांगितलं: बाटली पाण्याखाली बुडवूनच भर, आत एकही बुडबुडा नको, मँगेनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड पिपेटचं टोक पाण्यात बुडवून सोड, बूच लावून उलटसुलट कर. गाळ तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर नाही. बाटल्या थर्मोकोलच्या पेटीत बर्फावर ठेव, संध्याकाळच्या आत टायट्रेशन व्हायला हवं. मी दुपारी प्रयोगशाळा उघडते.

मागून तिच्या वडिलांचा आवाज आला. मॅडमना सांग, म्हणाले, नुसत्या सुकतीचं पाणी घेऊन काय समजणार? मासा भरतीबरोबर आत येतो. भरती लागताना एक, भरती भरल्यावर एक आणि उतरताना एक, असं घ्या, आणि कोंडीत एक वेगळं, तिथं पाणी हलत नाही.

आमच्या नमुन्यांच्या यादीत हे नव्हतं. ती तिथल्या तिथे बदलली. चार वेळा, दोन जागा, प्रत्येकी दोन बाटल्या: सोळा. अशा बाटल्या आमच्याकडे बारा आहेत. उरलेल्या चार जीवशास्त्र विभागाकडून मागायला दादांना उद्या सकाळीच सांगायचं.